मार्चअखेर, अवधान

मीटरच्या अलीकडे गॅस आमचा.
मीटरच्या पलीकडे हिंमतशेठ अमृतकरांचा.
मधे काळी चाकं फिरतात आणि शेवटचं एक लाल,
त्या फिरण्याला आम्ही उत्पन्न म्हणतो.
एवढंच आहे. बाकी साठ पानांचा करार.

आज एकतीस मार्च. धुळ्याची रात्र, साडेदहा,
ऑफिसच्या भिंती अजून भाकरीच्या तव्यासारख्या.
बाहेर एमआयडीसीत जिभाऊ सोनवणे
बॅटरी दातांत धरून आकडे उतरवतोय.
फोटो पाठवतो, मागून आवाज:
"मॅडम, यानी काच धुयकट शे.
शेवटला आकडा सात का एक, सांगता ई नही ऱ्हायनं."

सात का एक.
ते सहा घनमीटर आज जळाले की उद्या जळतील?
बारा वाजता एक रेघ ओढायची आहे मला
जी पाइपाला माहीत नाही.

देवपूरच्या स्वयंपाकघरांचं वेगळंच.
तिथं शेवटचं वाचन नऊ तारखेचं.
त्यानंतरचे बावीस दिवस
वरण उकळलं, दूध उतू गेलं,
दहावीच्या पोरांसाठी रात्री दोनदा चहा झाला,
कुणी कुलूप लावून शिरपूरला लग्नाला गेलं.
यातलं एकाही घराचं बिल निघालेलं नाही.
तरी ते उत्पन्न याच वर्षाचं,
म्हणून मी अंदाज करते:
आठ हजार दोनशे चुली, सरासरी, गुणिले बावीस.
कुणाच्या घरी कोण जेवलं
हे मी न बघता लिहिते, आणि ऑडिटर सही करतो.

आणि अनामत? ती आमची नाहीच.
जोडणीच्या दिवशी घेतलेले पाच पाच हजार
देण्याच्या बाजूला गप बसून असतात,
पाहुण्यांनी ठेवायला दिलेल्या पिशवीसारखे.

अडकलंय ते हिंमतशेठपाशी.
शेंगदाण्याची भट्टी. भावाभावांची वाटणी निघाली,
ऑक्टोबरपासून दाराला दोन कुलपं,
एक थोरल्याचं, एक धाकट्याचं.
करारात लिहिलंय: उचला, नाहीतर भरा.
तो बिल घेऊन आला होता, घामेजलेला,
"मी गॅस लिना नही, मंग पैसा कसाना?"
मी सांगितलं, शेठ, तुमच्यासाठी पाइप भरून ठेवलाय,
दुसऱ्या कुणाला दिला नाही.
तो खूप वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग भरले. अकरा लाख वीस हजार.
जाताना टेबलावर दाण्यांची पुडी, जुन्या घाण्यातली.

हेड ऑफिस म्हणतं, आले ना पैसे? घ्या उत्पन्नात.
पण कलम एकोणीस म्हणतं, न उचललेला गॅस
पुढच्या मार्चपर्यंत तो कधीही मागू शकतो,
जास्तीचा एक रुपया न देता.
म्हणजे पैसे आमच्याकडे, गॅस आमच्याकडे,
आणि तरी हे विकलेलं नाही.
हे देणं आहे.

तक्त्यात एक रकाना आहे:
ग्राहक हा हक्क वापरील याची शक्यता, टक्के.
शून्य लिहिलं, तर बरीच रक्कम आजच आमची.
टार्गेटला नेमकी तेवढीच कमी पडतेय.
शून्य लिहायचं म्हणजे
दोन भाऊ आता कधी बोलणार नाहीत, असं लिहायचं.
कुठल्या जुन्या आकड्यांची सरासरी काढू याची?

पुडी सोडली. दाणे नरमलेत,
पण धूर आहे अजून त्यांच्यात.

अकरा चाळीस. पुन्हा जिभाऊ.
"मॅडम, थुकी लाईसनी काच पुसी. सात शे."
मी सात लिहिला.
"आखो एक. अमृतकरना मीटरनं लाल चाक
हाली ऱ्हायनं."
भट्टी?
"भट्टी ना. कुलपं तशीच शेतस.
मांगला दारना उजेड दिखस. चहाबी व्हई."

लाल चाकाचा एक फेरा म्हणजे किती, ते मला पाठ आहे.
सव्वा रुपयाही होत नाही.
तेवढं वजा केलं देण्यातून,
आणि रकाना रिकामा ठेवून
ऑडिटरला फोन लावला.